रायगड सोडताना



मागे उभे आहात त्यांनी पुढे या, खुर्च्या मोकळ्या आहेत. तीस वर्षं फौजेत काढली, पण सभेत पहिली रांग रिकामी का राहते याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

संयोजकांनी विषय दिलाय, कम्फर्ट झोन सोडून देवानं दिलेल्या स्वप्नामागे जाणं. घरी हे सांगितलं तेव्हा सौ. म्हणाली, "या विषयावर तुम्ही बोलणार? नऊ वर्षं नुसतं जायचं, जायचं म्हणत होतात." तिचं खरं आहे. तरी मी हो म्हटलं, त्याला दोन कारणं. एक म्हणजे भाषण जॉर्ज टाउनमध्ये आहे. या गल्ल्यांचं माझ्यावर जुनं ऋण आहे. दुसरं, इथून चालत दहा मिनिटांवर, मिंट स्ट्रीटच्या बाजूच्या एका गल्लीत, गलाईच्या दुकानात एक मुलगा काम करतो. त्याचं नाव मी घेणार नाही. दीड वर्षापूर्वी त्यानं फोनवर मला विचारलं, "साहेब, स्वप्न देवानं दिलंय म्हणत होता, मग माझं वय कसं काय निघून गेलं?" त्याला मी आजवर धड उत्तर दिलेलं नाही. आज तुमच्यासमोर प्रयत्न करतो.

जे व्हिडिओवर बघतायत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या हॉलमध्ये बसलेली बहुतेक घरं सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातली. खानापूर, विटा, आटपाडी, तासगाव, माण, खटाव. धंदा गलाईचा. सराफाकडची जुनी मोड घ्यायची, भट्टीवर मुशीत वितळवायची, सवागी टाकायची, तेजाबानं शुद्ध करायची आणि चोख लगड परत द्यायची. भारतात जिथे जिथे सराफ कट्टा आहे तिथे तिथे एखाद्या अरुंद जिन्यावर आमच्या तालुक्यातला माणूस बसलेला सापडतो. शेतात पिकत नव्हतं म्हणून हे लोक गेले. हिंदी धड येत नव्हती, तमिळ तर लांबच. कम्फर्ट झोन हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता, सोडायला तसा काही झोनही नव्हता.

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, त्यांच्यापैकीच एक. साहुकारपेठेत पहिल्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली, तिथेच भट्टी, तिथेच झोपायचं. ठरलेलं असं होतं की मी विट्याला बी. ए. झालो की तात्यांकडे यायचं आणि दुकान पुढे चालवायचं. म्हणजे माझ्यासाठी कम्फर्ट झोन होता हा जॉर्ज टाउन! बापाची गरिबी चुलत्याच्या दुकानानं भागणार होती. मी मात्र फौजेची परीक्षा दिली, एस.एस.बी. निघाली, आणि १९८२ साली मद्रासलाच आलो, पण सेंट थॉमस माउंटला, ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये. आता त्याला अकॅडमी म्हणतात.

पहिल्या महिन्यातच माझी फजिती झाली. एक म्हणजे इंग्रजी. हुकूम कळायचा, उत्तर सुचेपर्यंत वेळ निघून जायची. आणि दुसरं पोहणं. आमच्याकडे विहिरीला पाणीच नसायचं, पोहायला शिकणार कुठे? उंच फळीवरून उडी मार म्हटलं की माझे पाय लटपटायचे आणि खाली उस्ताद ओरडायचा. रोजचा रगडा वेगळाच. एका रविवारी सुट्टी मिळाली तशी माउंटवरून लोकल धरली, बीच स्टेशनला उतरलो आणि थेट तात्यांच्या खोलीवर. म्हणालो, "तात्या, मी परत जात न्हाई. उद्यापासून भट्टीवर बसतो."

मला वाटलं होतं म्हातारा खूश होईल. हाताखाली पुतण्या मिळत होता. तात्यांनी आधी भाकरी आणि झणका खायला घातला. मग सदरा घातला आणि म्हणाले, "चल, जरा देवळात जाऊन येऊ." तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या कालिकांबाळच्या देवळात घेऊन गेले. गलाईवाल्यांना हे देऊळ जवळचं वाटण्याचं एक कारण म्हणजे ते विश्वकर्मा समाजाचं, म्हणजे धातूचं काम करणाऱ्यांचं आहे. दर्शन झालं. बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "हितं म्हाराज आले हुते." इतकंच. पुढे काही नाही. मग म्हणाले, "आज रविवार. उद्या सकाळी तुझी परेड. परेड बुडवून कसं चालंल? आता जा, फुडच्या रविवारी ये, मग बघू."

पुढच्या रविवारी गेलो, तेच. "उद्या परेड हाय न्हवं? मग जा. फुडच्या रविवारी बघू." असे अकरा रविवार गेले. बाराव्या रविवारी मी विषय काढला नाही. तोपर्यंत पोहायला यायला लागलं होतं.

तात्यांनी तिसरी पास होऊन शाळा सोडली होती. पण 'हितं म्हाराज आले हुते' हे वाक्य त्यांनी मला का ऐकवलं, ते कळायला मला पुढची पंचवीस-तीस वर्षं लागली. नकाशा वाचायला, रसदीचा हिशेब करायला शिकलो, तेव्हा कुठे.

देवळातला फलक ३ ऑक्टोबर १६७७ ही तारीख सांगतो. त्या वेळी जॉर्ज टाउन हे नावही नव्हतं, ते पुढे पंचम जॉर्जवरून पडलं. जवळच इंग्रजांचा सेंट जॉर्ज किल्ला होता, चाळीसेक वर्षांचा. आता महाराजांची त्या वेळची स्थिती बघा. राज्याभिषेक होऊन सव्वातीन वर्षं झाली होती. १६७६ च्या सुरुवातीला साताऱ्याला ते बरेच आजारी होते. वय सत्तेचाळीस. रायगडावर सिंहासन, अष्टप्रधान, दरबार, सगळं मांडून झालेलं. आपल्यातला कोणीही म्हणाला असता, आता बसा. आणि हा माणूस हैदराबादमार्गे हजार किलोमीटरहून अधिक लांब, परक्या मुलखात निघाला.

पण ते उडी मारून निघाले नाहीत, हे मला आज विशेष सांगायचं आहे. हल्ली मंचावरून 'उडी मारा, पंख आपोआप फुटतील' असं सांगणारे वक्ते फार झालेत. माझा त्यांच्यावर विश्वास नाही. मी फळीवरून उडी मारून बघितली आहे, पंख फुटत नाहीत.

महाराजांनी काय केलं? आधी पिछाडी बांधली. दख्खनचा मोगल सुभेदार बहादूरखान, त्याच्याकडे निराजी रावजींना नजराणे देऊन पाठवलं आणि त्याला शांत केलं. घरचा कारभार मोरोपंत आणि अण्णाजी दत्तो यांच्या हवाली केला. मग गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी तह. मोहिमेसाठी रोज तीन हजार होन त्याच्याकडून ठरवले, असं इतिहासकार सांगतात. सैन्याला सक्त ताकीद, कुतुबशाही मुलखात काडीला हात लावायचा नाही, जे हवं ते पैसे मोजून घ्यायचं. या सगळ्याच्या मागे रघुनाथपंत हणमंते होते, तेही बघण्यासारखे आहेत. तंजावरला व्यंकोजीराजांचे कारभारी. मोठं पद, मोठा मान. तिथे पटेना, तेव्हा पद टाकून हा माणूस महाराजांकडे आला आणि दक्षिणेच्या मोहिमेचा आराखडाच घेऊन आला. आरामाची जागा सोडणारा पहिला माणूस या गोष्टीत तो आहे, पण पोवाडे त्याच्या वाट्याला आले नाहीत.

मे १६७७ मध्ये जिंजी हाती आली. त्याच महिन्यात महाराजांचं पत्र इथे मद्रासच्या इंग्रजांना पोचलं. काय मागितलं असेल? तोफा नव्हे. विषावर उतारा देणारी आणि ताकद देणारी औषधं! इंग्रजांनी पैसे न घेता भेट म्हणून ती पाठवली. कोण नको म्हणेल? पुढे तोफांचे गाडे आणि सुरुंग करणारे कारागीर मागितले, तेव्हा मात्र गोड शब्दांत नकार दिला. मला ते औषधांचं पत्र फार आवडतं. एवढ्या मोठ्या मोहिमेवरचा सेनापती स्वतःच्या तब्येतीची काळजी करतोय, कारण पुढे काम आहे.

आणि आता श्रीशैलम. हैदराबादहून खाली येताना महाराज तिथे थांबले. सभासदाची बखर सांगते की ते स्थान बघून त्यांचं मन इतकं भरून आलं की देह इथेच देवीला वाहावा असं त्यांना वाटलं. तेव्हा भवानीनं त्यांना अडवलं. अशानं तुला मोक्ष नाही, तुझ्या हातून अजून पुष्कळ व्हायचं आहे, असा त्याचा आशय. मी हा प्रसंग तरुणपणी वाचला तेव्हा चमत्कार म्हणून सोडून दिला. साठीनंतर वाचला तेव्हा थांबलो. आपण कम्फर्ट झोन म्हणजे सोफा, एसी, बँकेतली ठेव एवढंच समजतो. देवाच्या पायाशी बसून राहणं हाही कम्फर्ट झोन होऊ शकतो. निवृत्तीनंतर पारायण, वारी, तीर्थयात्रा, सगळं चांगलंच आहे. पण कधी कधी त्याच्या आडून माणूस कामच चुकवत असतो. मी चुकवत होतो.

तर आता माझी गोष्ट.

२०१० साली पश्चिम महाराष्ट्रात एका भरती मेळाव्यावर माझी ड्युटी होती. सोळाशे मीटर धावायचं, ठरलेल्या वेळेच्या आत. त्यापुढे एक सेकंद गेला की बाहेर. आमच्याच तालुक्यातला एक पोरगा चार सेकंदांनी बाहेर पडला. अनवाणी पळाला होता. रडत बसला होता. मी जाऊन विचारलं, "घरी पळताना किती वेळ लागायचा रे?" तो म्हणाला, "साहेब, घड्याळ हाय, पण अंतर कुनी मोजलंय? आमी वड्यापास्नं देवळापतुर पळतो."

देव माझ्याशी बोलतो वगैरे असलं काही मी म्हणणार नाही. पण ते वाक्य माझ्या मागे लागलं. दाढी करताना, गाडीत, रात्री. कोणीतरी गावात जाऊन फक्त सोळाशे मीटर मोजून द्यायला पाहिजेत, आणि ते कोणीतरी म्हणजे मी. लहर असती तर महिन्याभरात गेली असती. ही गेली नाही. मी देवानं दिलेलं म्हणतो ते एवढ्याच अर्थानं.

आणि मी काय केलं? २०१४ ला लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि पुण्यात एका कंपनीत सुरक्षा अधिकारी झालो. गाडी, ड्रायव्हर, शनिवार-रविवार सुट्टी. वर्षातून एकदा पंढरपूर. कोणी विचारलं की सांगायचो, गावात मुलांसाठी काहीतरी करायचं आहे. पाच वर्षं हे ऐकून सौ. कंटाळली.

शेवटी २०१९ ला उठलो. पण महाराजांच्या बरोबर उलटं केलं. म्हणजे सरळ उडी मारली. नोकरीचा राजीनामा, फ्लॅट भाड्यानं, भावाच्या पडीक रानात जेसीबी लावून चारशे मीटरचा ट्रॅक काढला, चुना मारला. बावीस मुलं, पाच मुली. साठवलेल्या पैशांतून बूट, बीम, जेवण. चारशे फूट बोअर मारली, कोरडी गेली. टँकर विकत घेतला. आणि सर्वांत मोठी चूक, सौ.ला मी विचारलंच नव्हतं. 'आपण जातोय' म्हणून सांगितलं होतं. फौजेत एकवीस ठिकाणी तिनं माझ्यामागे घर हलवलं होतं, तेव्हा बावीसावं काय, असं मी धरून चाललो. तिला डायबेटीस, जवळचा धड दवाखाना तासाभरावर. सहा महिन्यांनी ती पुण्याला मुलीकडे निघून गेली. भांडली नाही, आवाज चढवला नाही. बॅग भरली आणि गेली. चार महिने मी एकटा होतो. माझी पिछाडी ती होती आणि मी तिला गृहीत धरलं होतं.

मी पुण्याला जाऊन माफी मागितली. तिनं अटी घातल्या. वर्षाचे चार महिने पुण्यात, पैशांचा हिशेब तिच्याकडे, आणि मुलींचं बघणं तिच्याकडे. आज आमचा उपक्रम जो काही चालतोय तो या तहावर चालतोय.

पण तोवर मार्च २०२० उजाडला. कोरोना. भरती मेळावे बंद. एक वर्ष, दोन वर्षं. पोरं पळतच होती. कशासाठी पळायचं ते त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. वय साडेसतरा ते एकवीस. भरती थांबली होती म्हणून त्या एका वर्षापुरती सवलत, तेवीसपर्यंत. माझ्या पहिल्या तुकडीतले काही त्या सवलतीत बसले. सगळ्यांत चांगला पळणारा मात्र तीन महिन्यांनी बाहेर राहिला. पाच मिनिटं बारा सेकंद ही त्याची वेळ होती, आणि छाती, उंची, कागदपत्रं, सगळं ठीक. चुकली ती फक्त जन्मतारीख.

तो पोरगा म्हणजे मिंट स्ट्रीटवरचा. त्याचे मामा इथे गलाईत आहेत, त्यांनी त्याला बोलावून घेतलं. ज्या भट्टीवर बसायला निघालो असता तात्यांनी मला परत पाठवलं, तसल्याच भट्टीवर मी त्याला आणून बसवलं.

त्यानं प्रश्न विचारला तेव्हा मी काय म्हणालो असेन? जे सगळे म्हणतात तेच. देवाची काहीतरी योजना असेल, धीर धर. तो 'हो साहेब' म्हणाला आणि फोन ठेवला. मला माझीच लाज वाटली.

मग मला जिंजी आठवली. मोहिमेचा हिशेब तसा अर्धवटच होता. व्यंकोजीराजांशी समेट व्हायचा, तो भेटीतून रातोरात निघून गेले आणि पुढे लढाई झाली. वेल्लोरचा किल्ला महाराज इथे असेपर्यंत पडलाच नाही, त्यांच्या माघारी १६७८ मध्ये पडला. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले. दक्षिणेत एवढं कशासाठी केलं, हे त्या दिवशी कोणी विचारलं असतं तर रायगडावर किती जणांना सांगता आलं असतं? उत्तर आलं १६८९ ला. संभाजी महाराज गेले, रायगड पडला, राजाराम महाराज निसटून जिंजीला पोचले, आणि पुढची सुमारे आठ वर्षं तिथून राज्य टिकलं. ज्या सभासदानं श्रीशैलमची गोष्ट लिहिली, त्यानं ती बखर लिहिली तीही जिंजीलाच. आता २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा जिंजी. इथून गाडीनं तीन-चार तासांवर आहे, मुलांना एकदा दाखवून आणा.

हे सगळं मी त्या पोराला सांगायचं ठरवलं होतं. बघ, ज्यानं पेरलं त्याला पीक दिसत नाही वगैरे. कागदावर लिहूनही काढलं. मग ते सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जिंजीचा उपयोग राजाराम महाराजांना झाला. वेल्लोरच्या वेढ्यात बसलेल्या हशमाला त्याचं काय?"

हे खरं आहे. मोठ्या गोष्टीतला हशम आपण विसरतो. मला देवानं सोळाशे मीटर मोजायला सांगितलं होतं, ते मी मोजले. पण त्या पोराचं स्वप्न वेगळं होतं, त्याला वर्दी हवी होती. मी माझं स्वप्न दाखवून त्याला पळायला लावलं आणि त्याच्या पिछाडीचा विचार केला नाही. तीन वर्षं तो फक्त पळाला. आय.टी.आय. नाही, पदवी नाही, पोलीस भरतीचा अर्ज नाही, कारण मी त्याला म्हणालो होतो, एकच लक्ष्य ठेव. वीस वर्षांच्या पोराला हे सांगायला मला काय जात होतं? माझी पेन्शन चालू होती.

त्याच्या प्रश्नानंतर आम्ही नियम बदलला. आमच्या ट्रॅकवर येणारं प्रत्येक पोरगं सकाळी पळतं आणि दिवसा काहीतरी शिकतं, आय.टी.आय., कॉलेज, नर्सिंग, काहीही. पहिल्याच दिवशी जन्मदाखला बघून, कोणत्या भरतीला त्याच्याकडे किती महिने आहेत ते आम्ही कागदावर लिहून आई-बापासमोर वाचून दाखवतो. अग्निवीराला चार वर्षं, त्यातले चारातला एक पुढे राहणार, हेही सांगतो. काही आई-बाप तिथूनच पोराला परत नेतात. नेऊ देत. आजवर चौदा जण वर्दीत गेले, त्यात तीन मुली पोलिसात आहेत. सत्तावीसवर सुरुवात करून सहा-सात वर्षांत चौदा, हा काही टाळ्या वाजवण्याचा आकडा नाही. वाजवू नका.

तर त्याला उत्तर द्यायचं ते हे आहे. तुझं वय का गेलं, ते मला माहीत नाही, आणि देवाच्या वतीनं मी बोलणार नाही. माझी चूक काय झाली ते मात्र मला माहीत आहे, आणि ती फोनवर सांगण्यासारखी नाही. म्हणून या सभेचं निमित्त करून आलो. त्याला सभेचं सांगितलं होतं. तो म्हणाला, साहेब, लग्नसराई आहे, मोड खूप येते, सुटता येणार नाही.

त्याचं दुकान नऊपर्यंत उघडं असतं. आता साडेसात होतायत. प्रश्नोत्तरं थोडक्यात घेऊ, मला चालत जायचं आहे, आणि वाटेत तंबू चेट्टी स्ट्रीटला दोन मिनिटं थांबायचं आहे.

जय हिंद.